तिसऱ्या हाकेला ओ

८ नोव्हेंबर १९९८, रविवार

खेळांचा मेळा भरवणाऱ्या कौस्तुभ मास्तरांचं फर्मान निघालंय. मेळ्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने रोज वही लिहायची. किती पळालात, काय खाल्लंत, कुठे दुखलं. बाकीचे कोणी लिहिणार नाहीत. मी लिहिणार, कारण साठीला टेकल्यावर मला पहिल्यांदा कोणीतरी 'खेळाडू' म्हटलं. एक भोंगा आणि उसना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन धंद्याला लागलो तेव्हा लोक 'ए भोंगेवाला' म्हणायचे. आता बोळिंजला दुकान आहे, टेम्पो आहे, तर 'चंद्रहासशेठ' म्हणतात. खेळाडू कोणी म्हटलं नव्हतं.

मेळा फक्त पन्नाशीपुढच्यांचा, डिसेंबरच्या वीस तारखेला. गोळाफेक आहे, जलद चालणं आहे, रस्सीखेच आहे. पण सगळ्यांचा डोळा तिकडी शर्यतीवर. तिघांचा संघ. पहिल्याने बोळिंजचं तळं पोहून पार करायचं, दुसऱ्याने तिथून राजोडीपर्यंत सायकल हाणायची, तिसऱ्याने राजोडीच्या वाळूत कळंबच्या खुणेला हात लावून परत यायचं.

आमचा संघ आपोआप ठरला. पोहायला युजीन. त्याच्या वाडीत बावखल, म्हणजे घरचं तळं, आहे, त्या पाण्यात तो चालायच्या आधी पोहायला शिकला. सायकलला नथू. तो अजून नायगावला आमच्या खाडीकाठच्या गावात राहतो, मिठागरावर जन्म गेला, आणि सायकलवरून उतरलेला त्याला फार कमी लोकांनी पाहिलाय. पळायला मी. शाळेत आम्ही तिघे एकाच बाकावरून एकाच दिवशी हाकलले गेलो होतो, त्यामुळे एकत्र पळायची सवय जुनी.

आज नियम सांगितले. सायकलवाला धावत्या सायकलीवरून पळणाऱ्याला हात लावायला गेला तर दोघे आपटतील, म्हणून मास्तरांनी ठरवलंय की सायकलवाल्याने हाक मारायची. हाक आली की पळणारा सुटला.

नथू उभा राहिला. "एके हाकेवर कोन जातं? तीन पायजेत."

मास्तर साताऱ्याकडचे. हसले. "काका, तीन मारा नाहीतर तीस मारा. पण का?"

"आमचे मिठागरान इचारा का ते."

मग युजीननेच त्यांना समजावलं. आमच्याकडे अंधुक उजेडात, खारजमिनीत, एकट्या माणसाला हाक येते. अगदी ओळखीच्या आवाजात. एका हाकेला ओ द्यायचा नाही. दुसरीलाही नाही. 'त्याला', त्या हाका मारणाऱ्या भुताला, दोनच हाका मारता येतात, तिसरी येत नाही. तिसरी हाक आपल्या माणसाची. तिला मात्र ओ द्यायलाच पाहिजे, नाहीतर तो माणूस हाका मारत फिरत राहतो.

"तुम्ही पण मानता? तुम्ही तर चर्चला जाता," मास्तर म्हणाले.

"चर्चला रविवारी जातो," युजीन म्हणाला. "खाडीवर रोज."

१२ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला सराव. राजोडीची वाळू सकाळी ओली आणि घट्ट असते, पाऊल छान बसतं. कळंबच्या अलीकडे दमलो, पण दमलो म्हणजे थांबून समुद्राचा आवाज ऐकला. युजीन म्हणतो, "शेठ, समुद्र काय पहिल्यांदाच ऐकतोस?" त्याला काय कळणार. पाण्यात बुडून बुडून त्याचे कान गेलेत. मला भोंगा डोळ्यांनी बघावा लागत नाही. लांबून ऐकला की सांगतो, युनिट बसलंय का आतला पडदा फाटलाय.

नथूचं तर काही बघावंच लागत नाही. त्याच्या सायकलचं चेनकव्हर काथ्याने बांधलेलं आहे. खळ्ळ, खळ्ळ, मग एक फेरी गप्प, मग परत खळ्ळ. ऑइल घाल म्हटलं तर म्हणतो, "वाजते म्हनून तर बैल रस्ता सोडतान."

त्याची दाढ दुखते. तोंडात लवंग धरून असतो. बोलता बोलता ती दातावर टकटक वाजते, मलाच ऐकू येते.

तिन्ही हाका त्याने नीट मारल्या. "चंदर. चंदर. चंदर." मला नुसतं चंदर म्हणणारा आता तो एकच उरलाय.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

मास्तरांना डॉक्टरचा दाखला हवाय. आमच्या नाक्यावरचे डॉक्टर माझे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या पूजेला माईक माझाच. म्हणाले, "शेठ, तुमचा आवाज खणखणीत आहे, आणखी काय तपासू?" चहा होईस्तोवर तिघांचे दाखले तयार. कोणाला शर्ट काढावा लागला नाही. धंदा असा करायचा.

नथू म्हणतो, दाढदुखी उतरत नाही. आता खालच्या जबड्यापासून कानापर्यंत ठणका आहे. मी म्हटलं, काढून टाक एकदाची. म्हणाला, मेळा झाल्यावर.

२३ नोव्हेंबर, सोमवार

काल नथू गेला.

तरी लिहितो.

राजोडीला आला तेव्हा घामाने भिजला होता. सायकल स्टँडवर लावली, सुरूच्या पहिल्या झाडाला टेकून बसला. म्हणाला, "दाढ लय ठनकते रं. तू हो फुढं. मी हाक मारतो."

मी पुढे जाऊन सुरुवातीच्या खुणेवर उभा राहिलो. पाठ करून उभा राहायचं असतं, नाहीतर माणूस सायकल बघूनच सुटतो. उभा राहिलो. वारा होता, सुरूचा आवाज होता. हाक येईना. मला वाटलं मस्करी करतोय.

वळून पाहिलं तेव्हा तो तसाच बसलेला होता. सायकलचं मागचं चाक हळूहळू फिरत होतं. तेवढंच.

झोपेतच गेल्यासारखा गेला, असं सगळे म्हणाले. दाढेनं कोणी मरतं का?

३० नोव्हेंबर, सोमवार

माझी बायको सरोजिनी म्हणाली, पुरे झाली शर्यत. मी म्हटलं, नथूने शब्द दिला होता, संघ मोडायचा नाही. ती गप्प बसली. तिची गप्प बसण्याची तऱ्हा मला बोलण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येते.

आज एकटाच राजोडीला गेलो. समुद्रावर धुकं होतं. होड्या गेलेल्या, वाळू मोकळी. कळंबच्या खुणेला हात लावून परत फिरलो आणि छातीत गॅस धरला म्हणून वाकून उभा राहिलो. तेव्हा मागून आवाज आला. खळ्ळ, खळ्ळ. मग एक फेरी गप्प. मग खळ्ळ.

राजोडीत सायकली कमी आहेत का? असेल कोणी पाववाला.

मग हाक आली. "चंदर."

नथूचा आवाज. त्यातली ती किंचित ओढ, 'द'वर जोर. मी आयुष्यभर आवाज विकतोय, मला आवाजात कोणी फसवलेलं नाही.

मी वळलो नाही. ओ दिला नाही. जीभ दाताखाली धरली आणि समुद्राकडे बघत उभा राहिलो. दुसरी आली नाही. चेनकव्हरचा आवाज सुरूच्या आत गेला आणि मिटला. वाळूत चाकाची खूण बघायची हिंमत झाली नाही. बघितली नाही ते बरंच केलं.

हे वहीत लिहितोय, घरी सांगणार नाही. गॅस मात्र चांगला होता. घरी येऊन सोडा प्यायलो.

४ डिसेंबर, शुक्रवार

नथूचं तेरावं. युजीन आणि मी नायगावला गेलो. स्टेशनाच्या बाजूला केवढ्या इमारती उठताहेत, पण खाडीकडे उतरलं की अजून तोच मिठाचा वास.

जेवणं उरकल्यावर नथूच्या बायकोने, रंभावहिनींनी, मला मागच्या पडवीत बोलावलं. सायकल भिंतीला लावलेली होती.

"चंदरभाऊ, ही सायकल तुमी न्या."

"असू दे वहिनी, आठवण आहे."

"आठवन नको मना," त्या म्हणाल्या. "मी रोज सांजचे तिचं तोंड भिंतीकडं करते. सकालचे बघते तं दाराकडं. पोरं करतान म्हनाल, तं घरान पोर कोन हाय? मी नं माझी सासू. सासूला उठवत नाय."

मी खाली वाकून चाक पाहिलं. टायरच्या खाचांत वाळू होती. ओली. आमच्या खाडीला चिखल आहे, अशी बारीक काळी वाळू नाही. ती राजोडीची.

"रोज पुसते," वहिनी म्हणाल्या. "रोज येते."

युजीनने छातीवर क्रूस काढला. मी म्हटलं, "वहिनी, वाऱ्याने येते वाळू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच बोलणं फाटक्या पडद्याच्या भोंग्यासारखं वाटलं.

सायकल टेम्पोत घातली. बॅप्टिस्ट हीच सायकल चालवेल. तो युजीनचा राजोडीतला चुलतभाऊ, पोस्टमन होता, यंदाच रिटायर झाला, पायात अजून रग आहे.

८ डिसेंबर, मंगळवार

बॅप्टिस्टची सायकलवर चाचणी झाली. वेगाने आला. उतरल्यावर म्हणाला, "दादा, ही उतारावर नाही, चढावर पळते. पायडल मारायची गरज लागत नाही." मी म्हटलं, तू फॉर्मात आहेस. तो हसला नाही.

त्याला तीन हाकांचं समजावलं. म्हणाला, माहीत आहे, आमच्या आजीनेही शिकवलंय.

इथे एक गंमत लिहून ठेवतो. आमच्या इमारतीत जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबायची मला सवय लागलीय. कोणाच्या घरी कोणती मालिका चाललीय, कोणाची भांडी आपटताहेत, कठड्याला धरून ऐकतो. मग दुसऱ्यावरही थांबतो. आज तिथल्या गुजराती बाईंनी दार उघडून विचारलं, "शेठ, पाणी देऊ?" मी म्हटलं, नको, तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकतोय. त्यांनी खुर्चीच आणून दिली. शेजारी चांगले मिळायला नशीब लागतं.

डावा खांदा भरून येतो. अ‍ॅम्प्लिफायर उचलून उचलून झालाय. सरोजिनी रात्री तेल लावते.

१३ डिसेंबर, रविवार

रंगीत तालीम. सगळे संघ होते म्हणून वाळूत जत्रा भरल्यासारखी होती. सत्तरीच्या एका आजी चालण्याच्या शर्यतीत पुढे आल्या तेव्हा त्यांचा नातू ओरडत होता, "आजी, पळायचं नाही, फाऊल!" मजा आली.

युजीनने तळं सगळ्यांच्या आधी पार केलं. बॅप्टिस्ट आला, तिन्ही हाका मारल्या, "दादा, दादा, दादा!" आणि मी सुटलो. कळंबच्या खुणेपाशी बाकीचे मागे होते. तिथे मी एकटा.

तिथे आली. "चंदर."

पाऊल थांबलं नाही माझं. पळत राहिलो. छातीवर कोणीतरी मिठाची गोण ठेवल्यासारखं झालं.

"चंदर."

दुसरी. आता जवळून, सायकलवरून वाकून बोलावं तशी. लवंगेचा वास आला. मी वास-बिस मानत नाही, मी कानाचा माणूस आहे, पण आला.

मी तोंड मिटून ठेवलं. तिसरी येऊ नये म्हणून नाही. तिसरी यावी म्हणून कान लावला, हे खरं आहे. दोन हाका म्हणजे 'तो' असू शकतो. तीन म्हणजे नथू. दोन हाकांवर सोडून गेला तर मला आयुष्यभर कळणार नाही की तो कोण होता.

तिसरी आली नाही.

शेवटी पोहोचलो तेव्हा मास्तर म्हणाले, "काका, चेहरा राखेसारखा झालाय." मी म्हटलं, वाळू उडाली. युजीन बाजूला घेऊन म्हणाला, "शेठ, खरं सांग, काही होतंय?"

सांगितलं. हाकांचं सांगितलं. खांद्याचं कशाला सांगायचं, ते काय विशेष नाही.

त्याने पायाने वाळू उकरली. "नथू आपल्याला कशाला त्रास देईल?"

"तेच म्हणतो मी."

"काहीतरी सांगत असेल."

"हाक मारून काय सांगणार? नाव तर मला माहीत आहे माझं."

१९ डिसेंबर, शनिवार

दिवसभर राजोडीला भोंगे बांधले. मेळ्याचा साउंड माझाच आहे, फुकट. सुरूच्या पहिल्या झाडावरचा भोंगा लावल्यावर मुका निघाला. युनिट उडालंय. दुसरं दुकानातून आणेपर्यंत उशीर झाला असता, म्हणून वायर काढून गुंडाळून ठेवली. भोंगा तसाच राहू दिला. शोभेला.

हे तेच झाड. नथूचं. मास्तरांनी अ‍ॅम्ब्युलन्स उद्या त्याच झाडाखाली उभी करायचं ठरवलंय. म्हणाले, नथूकाकांच्या वेळी जवळ काही नव्हतं, आता असू दे. मला ते पटलं नाही. शर्यतीच्या जागी अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे लग्नात तिरडी. पण तरुण माणसाचा उत्साह मोडू नये.

सरोजिनीने माझे बूट धुऊन ठेवलेत. म्हणाली, "उद्या नाही गेलात तर चालणार नाही का?"

"नथूने सांगितलं होतं, तू हो पुढे, मी हाक मारतो. मी पुढे व्हायचं सोडून घरी बसू?"

"त्यांनी पुढे हो सांगितलं," ती म्हणाली, "सोबत ये नाही सांगितलं."

बायका कधी कधी उगाच शब्द फिरवतात.

२३ डिसेंबर, बुधवार

दवाखान्यातून लिहितोय. सरोजिनीने वही आणून दिली, नर्सने लिहायला परवानगी दिलीय, पण उठायला नाही.

झालं ते असं. रविवारी युजीन तळ्यातून पहिला निघाला. आम्हाला फोनवर निरोप आला, वाळूत आरडाओरडा झाला. मी सुरुवातीच्या खुणेवर, पाठ करून उभा. थोड्या वेळाने चेनकव्हर ऐकू आलं. बाकी सायकली कुठेच नव्हत्या. खळ्ळ, खळ्ळ, एक फेरी गप्प. म्हटलं, बॅप्टिस्ट आहे, सायकल तीच आहे, आवाज तोच येणार.

बॅप्टिस्टने हाक मारली. "दादा!"

एकच.

नंतर तो म्हणाला, सायकलने त्याला असं फरफटत आणलं की दुसऱ्या हाकेला श्वासच राहिला नाही. पण त्या वेळी मला एकच आली. आणि माझे पाय हलेनात. डोकं म्हणत होतं पळ. पाय म्हणत होते, एका हाकेला नाही. लहानपणी आईने खाडीवर कान पिळून शिकवलेलं माझ्या बुटांत उतरलं होतं. सगळे ओरडायला लागले, "काका, पळा ना! काका, झोपलात काय!" मास्तर माईकवरून, माझ्याच माईकवरून, "चंद्रहासकाका, सुटा!" दुसऱ्या संघाचा सायकलवाला आला. त्यांचा गडी माझ्या बाजूने सुसाट गेला.

तेव्हा आली.

"चंदर."

समोरून नाही, मागून. सुरूच्या झाडावरून, त्या मुक्या भोंग्यातून. भोंग्यातून आलेला आवाज मला कळत नाही असं कोणी म्हणू नये. कडेला किंचित चिरका, मध्ये पोकळ. ज्या भोंग्याची वायर मी माझ्या हाताने गुंडाळली होती, त्यातून.

"चंदर."

कोणी वर बघत नव्हतं. कोणाला ऐकू येत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघून हातवारे करत होते.

मी तिसरीसाठी थांबलो. त्या थांबण्यात समुद्रसुद्धा थांबला असं वाटलं.

"चंदर."

तिसरी.

मी वळलो. शर्यत कळंबकडे होती आणि मी उलटा, झाडाकडे निघालो. लोक हसायला लागले. म्हातारा चकला, असं कोणीतरी म्हणालं, तेही ऐकलं. ओ द्यायला तोंड उघडलं, पण छातीतली गोण आता गळ्यापर्यंत आली होती, आवाज निघाला नाही. झाडाच्या बुंध्याला हात लावला. तिथे खोड गुळगुळीत आहे, कोणीतरी टेकून टेकून झाल्यासारखं. तिथेच बसलो.

पुढचं मला आठवत नाही. अ‍ॅम्ब्युलन्सचं दार माझ्यापासून हातभर होतं म्हणे. पडायच्या आधी त्यांनी मला धरलं.

इथले मोठे डॉक्टर म्हणतात, हार्टचा झटका होता, चांगलाच मोठा. वाळूत निम्म्यापर्यंत गेला असतात तर आणायला वेळच मिळाला नसता. मी म्हटलं, साहेब, खांदा अ‍ॅम्प्लिफायरचा आहे आणि छातीत गॅस. त्यांनी सरोजिनीकडे पाहिलं. सरोजिनी गप्प. ही गप्प मात्र वेगळी होती. तिने माझ्या पायांवरची चादर उगाच सारखी केली आणि तोंड फिरवलं.

शर्यत दुसऱ्यांनी जिंकली. नथूचा मला थोडा रागच आला आहे. एवढी हाक मारायची होती तर शर्यत संपल्यावर मारायची.

२४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी युजीन आला. त्याच्या बायकोने, रेजिनावहिनींनी, नाताळचा केक दिला होता. मला डॉक्टर खाऊ देणार नाहीत, तोही खाईना.

"सायकल सापडत नाही," तो म्हणाला. "तुझ्या गडबडीत बॅप्टिस्टने झाडापाशी टेकवली होती. परत गेला तर नाही. रंभावहिनींना निरोप धाडला. म्हणाल्या, गेली तं जाऊ दे, आता दाराकडं तोंड नको."

"तू खा ना केक. माझ्यासमोर उपास कशाला करतोस?"

"दाढ," युजीन म्हणाला. "दोन दिवस ठणकते आहे. रेजिना म्हणते दातवाल्याकडे जा. नाताळ होऊ दे, मग जाईन."

बोलत होता आणि मला काहीतरी बारीक ऐकू येत होतं. टक. टक. दातावर लवंग.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. कपाळावर घाम होता. डिसेंबरात, पंखा चालू असताना. इतके दिवस मी सगळं ऐकत होतो, पण मला ऐकू आलं नव्हतं, ते त्या एका टकटकीत ऐकू आलं. नथूची दाढ. माझा खांदा. कुकरच्या शिट्ट्या.

खिडकीबाहेर, आवारात, खळ्ळ. खळ्ळ. एक फेरी गप्प.

"युजिन."

एकदाच. नथू त्याला असंच म्हणायचा, शेवट तोडून. युजीनला ऐकू आलं नाही. त्याचे कान पाण्याने गेलेत.

एका हाकेला ओ द्यायचा नाही. दुसरीची वाट बघायची, तिसरीची वाट बघायची, मग ठरवायचं आपला माणूस आहे का नाही. साठ वर्षं पाळलं. आज नाही पाळलं. नथू मला इतके दिवस काय सांगत होता ते कळायला मला तीन लागल्या. युजीनला तेवढ्या मिळतील कशावरून?

मी ओरडलो. "सिस्टर! सिस्टर! सिस्टर!"

सिस्टर पळत आली. "काय झालं काका? एकदा बोलावलंत तरी ऐकू येतं मला."

"आमच्यात एका हाकेला कोणी येत नाही. याची ईसीजीची पट्टी काढा. छातीची. आत्ता."

"अरे, माझी दाढ दुखते!" युजीन म्हणाला.

"दाढ नाही ती. सिस्टर, त्याला या खुर्चीतून उठू देऊ नका. तो गेला तर मी याच नळ्या लावून त्याच्या मागे जिना उतरीन."

सिस्टर माझ्याकडे, मग युजीनच्या कपाळाकडे बघू लागली. तिचा चेहरा बदलला तो मी ऐकला. म्हणजे तिच्या चपला थांबल्या आणि मग एकदम वेगाने निघाल्या.

त्याला चाकाच्या खुर्चीतून नेला तेव्हा तो दारापर्यंत शिव्या देत होता. चर्चचा माणूस, नाताळच्या आदल्या दिवशी.

२५ डिसेंबर, शुक्रवार

युजीन खालच्या मजल्यावर आहे. आहे, हे महत्त्वाचं. डॉक्टर म्हणाले, घरी गेला असता तर रात्रीच्या प्रार्थनेत कोसळला असता. रेजिनावहिनी सकाळी चर्चमधून परस्पर इकडे आल्या, माझ्या पायांना हात लावला. मी म्हटलं, माझ्या नको. कोणाच्या लावा ते सांगता आलं नाही.

युजीनचा निरोप आहे: 'शेठ, तुझ्यामुळे नाताळला चर्चची मिस्सा चुकली, फादरना तू सांग.'

त्याच्याही आधी, पहाटेचं एक लिहायचं राहिलं.

उजाडत होतं. वॉर्डातले सगळे झोपलेले. मी कान लावून बसलो होतो. पंखा, कोणाचं तरी घोरणं, लांब चर्चची घंटा. हाक आली नाही. माझ्यासाठी नाही, युजीनसाठीही नाही. बराच वेळ ऐकलं. मग आठवलं की तिसऱ्या हाकेला मी ओ दिलाच नाही. तोंड उघडलं होतं, निघाला नव्हता. आणि आपल्या माणसाला ओ दिला नाही तर तो हाका मारत फिरत राहतो.

उठायला परवानगी नाही. तरी उठलो, भिंतीला धरून खिडकीपाशी गेलो. आवारात धुकं होतं, त्यात काही दिसत नव्हतं. मी मोठ्याने नाही, पण त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

"ओ."

खाली कोणीतरी पायाने सायकलचं स्टँड काढलं. मग चेनकव्हर वाजलं. खळ्ळ. खळ्ळ. एक फेरी गप्प. फाटकातून बाहेर, नायगावच्या रस्त्याला.

ऐकू येईनासं होईपर्यंत उभा राहिलो. माझ्या कानांना त्याला बराच वेळ लागतो.